शनी पाहण्याची संधी मुलींना पुन्हा मिळण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण विभाग कार्यालय

विषय : दुर्बिणीचा कार्यक्रम केवळ मुलींसाठी पुन्हा घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले गेल्या सोमवारचे अभिनंदनपत्र.

महोदय,

सविनय सादर करते की, 'मुलींना विज्ञानाची गोडी लावल्याबद्दल' आपण आमच्या मुलींच्या शाळेचे कौतुक केलेत. ते पत्र वाचल्यापासून मला मान वर करवत नाही.

दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधणाऱ्या शास्त्रज्ञ बाई त्या संध्याकाळी स्वतःची दुर्बीण घेऊन आल्या. तरुणपणी वेधशाळेत बायकांना रात्री थांबू देत नसत, तरी त्या हटल्या नाहीत, हे त्यांनी गच्चीवर सांगितले. ते संस्थाचालकांनी ऐकले, त्यांच्या सुनांनी ऐकले. मुली खाली चहाचे कप विसळत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शनी मावळतीला आला होता. प्रथम आपण पाहिलात, आणि त्याभोवतीचे कडे खरेच आहे ना याची खात्री करण्यासाठी पुन्हा पाहिलात. याबद्दल तक्रार नाही. मग संस्थाचालक, त्यांचे व्याही, खुर्च्या पुरवणारे. शेवटी मुलींना वर बोलावले. पुढे नववीतली उंच मुलगी होती, तिला सगळे 'शिडी' म्हणतात. शास्त्रज्ञ बाईंनी तिचा हात धरला, तेवढ्यात "एकच मिनिट हं" म्हणत मी मध्ये घुसले. शनी फार सुंदर होता. मी बाजूला झाले तोवर तो पाण्याच्या टाकीमागे गेला. महोदय, मला माझीच लाज वाटते.

तरीही कार्यक्रमपत्रिका मोडू नये म्हणून सर्व मुलींना ओळीने टाकी दाखवण्यात आली. निबंधांत त्यांनी टाकीचेच वर्णन केले आहे. झाकण उघडे असल्याचे त्यातूनच कळले. आपल्या पत्रातील 'संशोधक वृत्ती' ती हीच असावी.

शास्त्रज्ञ बाई पुन्हा यायला तयार आहेत. अट एकच, गच्चीवर मोठे माणूस नको. त्यात मी आले आणि, क्षमा असावी, आपणही आलात. थोड्याच दिवसांत शनी संध्याकाळी दिसेनासा होईल, म्हणून त्वरा करावी.

हे वर्गात सांगितले तेव्हा मुली हरखतील असे वाटले होते. शिडी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मग कप किती काढायचे?" तिने टोमणा मारला असता तर बरे वाटले असते. ती खरोखरच विचारत होती.

आपली खजील,
मुख्याध्यापिका

सोबत : अभिनंदनपत्र, चौकटीसह परत.