आक्काच्या मातीचा निरोप

आबा,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी एक ओळ लिहिली नाही. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला लिहायची सवय राहत नाही, हे एक. दुसरं म्हणजे कळवावं असं चांगलं काही नव्हतं. आजही नाही. आक्का गेली. बारा दिवस झाले. तिकडं ती तुम्हाला भेटली असेल तर तिची बाजू तिनं सांगितली असेलच. माझी बाजू सांगणारं इथं कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या ईट गावात मोबाईल नसलेलं घर आता बहुतेक माझं एकट्याचंच. इंटरनेट काय असतं ते मी शेजाऱ्यांच्या माना वाकलेल्या बघूनच ओळखतो. कोणी विचारलं की मी तुमचं नाव पुढं करतो. तुम्हीच ना गावातलं कोणी गेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगायला पायी जायचा. दारात उभं राहून सांगायचं, आत जायचं नाही, त्या घरचं पाणी घ्यायचं नाही, तसंच माघारी फिरायचं. एकदा तुम्हाला ताप होता आणि तुम्ही मला सोनारीला पाठवलं. मी अकरा वर्षांचा. ज्या घरी सांगायचं त्या घरातल्या बाया कशा ओरडतील या विचारानंच मी वेशीच्या आत गेलो नाही. वेशीवर शेरडं राखणारी एक म्हातारी भेटली, तिलाच सांगून मी पळत आलो. म्हातारी विसरली. सोनारीची ती माणसं तिसऱ्या दिवशी आली आणि आपल्या दारात उभी राहून तुम्हाला नको नको ते बोलली. मग तुम्ही कासरा घेतला. "रडतोस कशाला? ज्यांचं माणूस शेवटचं बघायचं राहिलं त्यांनी रडावं. निरोप म्हंजी काय गुळाची ढेप हाय व्हय, ह्याच्या हातातनं त्याच्या हातात द्यायला?" आक्का मधी पडली, "आबा, लहान हाय वो त्ये," तर तिलाही एक बसला. नंतर तिनंच माझ्या पाठीला हळद-तेल लावलं आणि आपल्या दंडाचा वळ पदराखाली झाकला.

मुलानं पुण्याहून माझ्यासाठी मोबाईल आणला तेव्हा मी त्याला हीच गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाबा, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. तुम्ही त्यांच्या धाकातनं कधी बाहेर येणार?" मी तो मोबाईल त्याच्यादेखत म्हशीच्या हौदात टाकला. तेव्हापासून तो दिवाळीला येतो, तोही एका मुक्कामापुरता. आक्काचं त्याहून वाईट केलं. तिचे गुडघे गेलेले, उमरग्याहून इथं येणं तिला जमत नव्हतं. तिच्या नातवानं तिला मोबाईलवर तोंड बघून बोलायला शिकवलं, आणि ती शेजारच्या सूनबाईच्या मोबाईलवर मला बोलवायला लागली. सूनबाई बिचारी पळत यायची. एकदा तिनं तो माझ्यासमोर धरलाच. मी मान फिरवली. "आक्का, बघायचं असंल तर ये हितं. काचंतलं तोंड मला दाखवू नगंस." आतून आक्का हसली, "आरं, तुजं तोंड तरी कुठं लई बघण्यासारखं हाय! कान तर दे." मी कानही दिला नाही. सूनबाईला चार बायांदेखत सांगितलं की हा डबा माझ्या उंबऱ्याच्या आत पुन्हा आणायचा नाही. तिचं तोंड एवढंसं झालं.

आता त्या दिवसाचं सांगतो. सकाळचे आठ वाजले असतील. मी अंगणात तुरी बडवत होतो. सूनबाई आली, उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"तात्या, उमरग्याहून तुमच्या भाच्याचा फोन हाय."

"हातात काय हाय तुज्या?"

"फोनच हाय. त्ये लाइनवर हायेत, ऐका तरी."

"त्याला म्हणावं, सांगायचं असंल तर माणूस पाठव."

"तात्या, आज तरी..."

"माणूस पाठव म्हणावं!"

ती गेली. मी पुन्हा तुरी बडवायला लागलो. दुपारी दोनच्या सुमाराला मोटारसायकल येऊन थांबली. भाच्याचा जावई. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. तो बाहेरच उभा राहिला. मी पाणी आणलं तर त्यानं हात जोडले. "न्हाय मामा, तुमच्या रीतीनं मला पाणी चालत न्हाय. तुमाला माणूस पायजे होता, माणूस आला. आक्का आजी पहाटं गेल्या. चारला माती हाय."

आपल्याकडं बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. माहेर म्हणजे आता मी एकटा. मी बाजारातून हिरवं लुगडं घेतलं, दुकानदार घडी मोडून दाखवायला लागला तर उशीर होतोय म्हणून त्याच्यावर ओरडलो, आणि त्या पोराच्या मागं बसलो. भूम, धाराशिव, तुळजापूर करत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात पाणी मारलेलं होतं. आक्काची जाऊ भिंतीला टेकून बसली होती. माझ्या काखेतलं पुडकं बघून म्हणाली, "आलं का माहेर? आणलं का लुगडं? कुणाला नेसवता आता, मला?" बाया हसल्या नाहीत, हसल्या असत्या तर बरं झालं असतं. भाचा म्हणाला, "मामा, चारचे पाच केले आमी. शेवटी मीच मोटार स्टँडाकडनं एक साडी आणून घातली. लोकं विचारत होती, भाऊ मेलाय का म्हणून."

मी तिथं सगळ्यांसमोर सांगितलं की मला काही कल्पनाच नव्हती, सूनबाईनं नुसतं फोन हाय एवढंच सांगितलं. भाच्यानं तिथूनच तिला फोन लावला आणि वाटेल ते बोलला. मी शेजारी बसून ऐकत होतो. पलीकडून ती रडत होती तेही ऐकू येत होतं. आता ती माझ्या दारावरून जाताना पदर ओढून घेते. गावाला मी अजून तेच सांगतो. मुलालाही तेच कळवलं.

पण तुम्हाला खोटं लिहून काय करू? त्या सकाळी सूनबाई अनवाणी आली होती आणि तिचे डोळे सुजले होते. उमरग्याला माझं दुसरं कोण आहे? ती तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. मला वाटलं, कोणी बोललं नाही तोवर आक्का आहे. दुपारपर्यंत तरी राहू दे. म्हणून माणूस पाठव म्हणालो. तुमच्या शिकवणीसाठी नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, तेव्हा उशाखालीच राहील. लुगडंही ट्रंकेत तसंच आहे. आक्काला यातलं काही सांगू नका. ती माझ्यावर रागावून आली का, तिनं माझं नाव काढलं का, एवढंच कळवा. स्वप्नात येऊन सांगा, कोणाच्या अंगात येऊन सांगा, कसंही चालेल. फक्त लवकर कळवा.