हलके झालेले स्टेअरिंग

सोलापूर, ता. ९ एप्रिल १९७५

श्री. धोंडप्पा साडूसाहेब यांस चनबसप्पाचा शरणार्थ.

इकडे माझी कंबर सोडून सर्व ठीक. तुमचा खोकला व अक्कांचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. गुडघ्यांना तेल उभ्याने लावू नका म्हणावे. बसून, भार काढून लावावे. (कारण पुढे येईल.)

तुमच्या जगदेवीच्या लग्नाचे वऱ्हाड मंगळवेढ्याहून अक्कलकोटला न्यायला आमचे मालक अण्णाराव यांचा ट्रक मिळवून देतो, असा शब्द मी दिला होता. त्यासाठी तुम्ही दोनदा निरोप धाडलात. पहिल्या निरोपातच मला पुरेसे वाईट वाटले होते. शब्द दिला तो दिलाच. पण उशीर का झाला ते सविस्तर लिहितो, कारण अर्धवट ऐकून लोक मिस्त्रीलाच नावे ठेवतात.

अण्णाराव म्हणाले, "आधी स्टेअरिंग मोकळं कर, मग ने वऱ्हाड." त्यांचे खरे होते. स्टेअरिंग इतके जड झाले होते की आमचा ड्रायव्हर येडू (पूर्वीचा पैलवान, मान व डोके यांत फरक कळत नाही असा) प्रत्येक वळणाला सीटवरून उठून चक्राला लोंबकळत असे. त्याला विचारले तर म्हणे, "ग्रीस मारलंय की मिस्त्री, वरच्या वर." वरच्या वर हेच तर दुखणे! ज्या किंगपिनीवर पुढचे चाक वळते, तिच्यावर गाडीचा पुढचा सगळा भार असतो. गाडी उभी ठेवून ग्रीस मारले तर ते मोकळ्या बाजूने सटकते आणि जिथे घासते तिथे कोरडेच राहते. पुढचा आस जॅकवर उचलायचा, चाक अधांतरी करायचे, डावी-उजवीकडे फिरवत ग्रीस भरायचे. काळे बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत थांबायचे नाही. हे मला कोणी शिकवले नाही. माझे मी शोधले. (तेव्हाही कोणी शाबासकी दिली नव्हती.)

तर जॅक लावला, ग्रीसगन लावली, दाबली आणि ग्रीस माझ्या तोंडावर. पुसले. पुन्हा दाबली, पुन्हा तोंडावर. चिमणी पेटवून चाकामागे शिरलो तर ग्रीस भरायच्या निपलावर पांढरा थर, दगडासारखा. खरवडायला गेलो तोच मागून आरोळी आली, "मुट्टबेडप्पा! हात लावू नको!" मालकांच्या मातोश्री मल्लव्वा. दसऱ्याला गाडीची पूजा करताना त्यांना चाकामागे हे निपल दिसले. बोटाच्या पेराएवढे, गोल डोक्याचे, काळेभोर. म्हातारीला त्यात लिंग दिसले. तेव्हापासून दर सोमवारी ओली विभूती! साडूसाहेब, विभूती आणि ग्रीस एकत्र वाळले की काय होते हे ज्याने छिन्नी उचलली त्यालाच ठाऊक. आता देवाला छिन्नी कशी लावणार? मी आपल्यातलाच, गळ्यात लिंग बांधलेला, माझाही हात थबकला. शेवटी जुने निपल पान्याने अदबीने सोडवले, रॉकेलने आंघोळ घालून त्यांच्या देव्हाऱ्यात नेऊन दिले आणि नवे बसवले. नव्याची दीक्षा झालेली नाही, त्याला सोमवार लागू नाही, असे बजावले. त्यांनी मान डोलावली, पण मला नमस्कार काही केला नाही.

मग काम असे झाले की काय सांगू! किंगपिनी, दोन्ही चाके जोडणाऱ्या टाय-रॉडची दोन्ही टोके, सगळे लोण्यासारखे. एका बोटाने चक्र फिरे. येडूला म्हटले, "बघ आता." तो बसला. फाटकापाशी वळण आले. हा गडी नेहमीप्रमाणे सीटवरून उठला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून चक्राला लोंबकळला. ट्रक जो फिरला तो सरळ मालकांच्या कडब्याच्या गंजीत. ट्रकच्या कपाळावर रंगवलेले 'शरणु' सुद्धा दिसेना. माणसाला खरचटले नाही, एक दिवा फुटला.

गंजीतून बाहेर येत येडू मलाच म्हणतो, "पार बिघडवली की गाडी तुमी! हाताला काय लागतच न्हाय!" मल्लव्वा म्हणाल्या, देव काढला, दुसरे काय होणार. आणि अण्णाराव, ज्यांच्यासाठी मी तीन शर्ट वाया घालवले, ते म्हणाले, "चनबसप्पा, जड होती, पण रस्त्यावर होती." मी कडबा उपसत राहिलो.

तरी ट्रक द्यायला ते तयार आहेत. दिवा मी बसवला. तेव्हा काळजी नसावी. हे पत्र तुमच्याकडच्या यष्टीच्या कंडक्टरच्या हाती देत आहे.

तुमचा,
चनबसप्पा

ता. क. ट्रक आहे, डिझेल आहे, येडू नाही. तो रुसून नातेपुत्याला गेला. जड गाडी असेल तरच येतो म्हणतो. तुमच्या ओळखीचा ड्रायव्हर याच यष्टीने उलट पाठवावा. मीच घेऊन आलो असतो, पण मला ट्रक चालवता येत नाही. (हे अक्कांना सांगू नये. त्यांच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, वेगळी समजूत आहे आणि ती चांगली आहे.)

ता. क. २. ड्रायव्हर अंगाने किरकोळ बघावा. नुकताच आजारातून उठलेला असल्यास उत्तम.