दोन बोटांचा काठ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमची पांढरी सुती साडी आठवावी लागते, मग चष्मा, आणि मग तुम्ही. आवाज मात्र लगेच येतो. गेल्या महिन्यात आपल्या कॉलेजनं मला शेवटच्या वर्षाच्या मुलांचं प्रदर्शन बघायला बोलावलं होतं. प्रत्येकाच्या टेबलावर त्यानं स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर होता, सुरेख छापलेला. एका मुलीनं लिहिलं होतं की ती परंपरा आणि उद्या यांच्यातला संवाद आहे. मी दोनदा वाचलं. मुलगी गोड होती, कामही फार चांगलं होतं, पण मला एकदम हसू आलं आणि ते मी खोकल्यात घालवलं. तेव्हापासून तुम्ही मनात आहात. मला पत्रं लिहायची सवय नाही. बोलायची तर नव्हतीच, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आमच्या शेवटच्या वर्षी तुम्ही फळ्यावर काही न लिहिता एवढंच म्हणालात, "प्रदर्शनात तुमच्या कामाशेजारी एक कार्ड लागेल. त्यावर तुम्ही कोण आणि काय काम करता, ते लिहायचं. पण आधी घरी जाऊन मोठ्या माणसाला वाचून दाखवा. ते काय म्हणाले, ते जसंच्या तसं मला येऊन सांगा. त्यांना कळलं नाही तर कार्ड लागणार नाही." आम्हाला ती गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात निकाल सुरू झाले. कामठीहून येणाऱ्या मुलानं लिहिलं होतं, 'समाजाच्या सौंदर्यदृष्टीला आकार देणारा कलावंत'. त्याच्या आजोबांनी विचारलं होतं, "आकार देनारा? म्हंजे कुंभार होय काय गा?" तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "आजोबांकडून नापास. पुढे." सगळा वर्ग हसत होता आणि मी खाली मान घालून बसले होते, कारण माझा नंबर येत होता.

माझं वाक्य होतं, 'पारंपरिक व आधुनिक वस्त्रकलेचा समन्वय साधणारी संकल्पक'. आदल्या संध्याकाळी ते मी आईला चुलीपाशी वाचून दाखवलं. ती बेसनाच्या पातोड्या थापत होती. पलीकडच्या खोलीत बाबांचा हातमाग चालू होता, त्यामुळे मला मोठ्यानं वाचावं लागलं. आईचे हात थांबले.

"हे कोनाचं वर्णन होय?"

"माझं."

"तुयं?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मले वाटलं कोन्या मंत्र्याचं होय."

दुसऱ्या दिवशी मी सोपं केलं, 'मी कापडासाठी नक्षी काढते'. आई म्हणाली, "रांगोळीवाल्या बायाबी नक्षीच काढतात. त्याच्यासाठी चार वर्सं कॉलेज काहून लागते?" मी हे वर्गात सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात आणि म्हणालात, "तुझ्या आईला माझ्या जागी घ्यायला हवं." ते मी घरी सांगितलं नाही. आई आधीच भरपूर बोलायची.

हसण्याखाली काय चाललं होतं, ते मात्र मी तेव्हा तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. मामांनी सावनेरच्या शाळेत माझ्यासाठी ड्रॉइंग टीचरची जागा ठरवून ठेवली होती. पगार पक्का, जागा पक्की, राहायला मामांचं घर. परीक्षा झाली की जायचं होतं. आईला ते फार पसंत होतं. आमच्या भागात तेव्हा एकेक माग बंद पडत होता, बायका टेरिलिन आणि नायलॉनच्या मागे लागल्या होत्या, आणि ज्या घरात बाप लुगडी विणून थकलाय, त्या घरातल्या पोरीनं पुन्हा लुगड्यांच्याच नादी लागावं हे तिला पटत नव्हतं. मला फळ्यावर आंबा आणि केळं काढायचं नव्हतं. मला काठ काढायचे होते. पण हे एवढंसं वाक्य मला ना मामांसमोर बोलता येत होतं, ना आईसमोर. प्रदर्शनाला इतवारीतले एक कापडाचे शेठ येणार आहेत, काठ काढून देणारं कोणीतरी त्यांना हवं आहे, असं तुम्ही सांगितलं होतं. त्यांनी विचारलं आणि मला सांगता आलं, तर नागपूर. नाहीतर सावनेर. इतकं साधं होतं ते.

वाक्य शेवटी मला दारात सापडलं. शेजारच्या काकू मागासाठी कांड्यांवर सूत भरता भरता आईला विचारत होत्या, "तुयी पोरगी तिथं शिकून का राहिली वं?" मी आत चौकटीच्या कागदावर रंग भरत होते. आई म्हणाली, "काठ काढते ते लुगड्याचे. असे काढते का आपल्या मानसाइले मागावर विनता आले पायजे. नुसते कागदावर शोभाचे नाही." सांगताना तिचा आवाज असा होता, जसा ती कोणाला आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे म्हणून सांगायची. मी ब्रश पाण्यात तसाच ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला म्हटलं, 'मी लुगड्यांचे काठ काढते. आपल्या हातमागावर विणता येतील असेच काढते.' तुम्ही विचारलंत, "हे कोण म्हणालं?" मी म्हटलं, "आई." "तुला पटतं?" मी मान हलवली. "मग आता तुझं आहे," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या मुलाकडे वळलात.

प्रदर्शनाच्या दिवशी आई आली. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, डोक्याला चपचपीत तेल लावून. माझ्या टेबलाशी ती अशी उभी राहिली की जणू दुकान तिचंच आहे. आणि शेठ आले. पांढरं धोतर, काळी टोपी, बोटात अंगठ्या. त्यांनी कार्ड वाचलं, मग माझा काठ चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "ये किसने निकाला? तू काढला का बेटा?" मी काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. आई पुढे सरकली. "आमची पोरगी ना शेठजी, लहानपनापासूनच..." आणि तेवढ्यात तुम्ही कुठूनशा आलात. आईचा दंड धरलात आणि म्हणालात, "तुमची पातोडी रश्शात विरघळत कशी नाही हो? माझी नेहमी विरघळते. चला, चहा घेता घेता सांगा." आई मागे वळून वळून माझ्याकडे बघत होती, पण पातोडीचं कोणी विचारलं तर ती थांबूच शकत नसे. हे तुम्हाला कसं कळलं होतं?

मी आणि शेठ उरलो. "काठ अच्छा है," ते म्हणाले. "पण यात मोर टाक. मोर बिकता है."

मी काठाकडे पाहिलं. मोर. मला खरंच तो तिथे दिसला, आणि तो दिसल्याबरोबर मी बोलले. "हा दोन बोटांचा काठ आहे. यात मोर बसवला तर कोंबडी दिसेल."

शेठ इतके मोठ्यानं हसले की पलीकडच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. "कोंबडी! आणि मोरच पाहिजे असंल तर?" मी म्हटलं, मग काठ रुंद करावा लागेल, तो वेगळा काढावा लागेल, विणायला जास्त दिवस लागतील आणि लुगडं महाग पडेल. वाक्यं एकामागून एक येत होती, जणू ती आधीपासून तिथे रांगेत उभी होती. "सोमवारी दुकानात ये," ते म्हणाले. "कोंबडीवाला घेऊन ये आणि मोरवालाही."

तुम्ही चहाहून परत आलात तेव्हा मी सांगितलं. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "सोमवारी एकटी जा. आई सोबत असली तर तो आईशीच बोलेल, आणि मग काम आईचं होईल." मी हो म्हटलं.

सोमवारी मी कागदांची गुंडाळी घेऊन निघाले. इतवारीपर्यंत पायीच जायचं होतं. कोपऱ्यावर वळून पाहिलं तर मागे आई. तेच हिरवं लुगडं. मी थांबले, तीही थांबली.

"तू काहून येऊन राहिली?"

"मी कुठं तुयासंगं येऊन राहिली? मले गूळ घ्याचा हाय."

गूळ आमच्या गल्लीतच मिळायचा. मी पुढे चालू लागले. दुकानाच्या पायरीपाशी मात्र मी थबकले. आतून कापडाचा कोरा वास येत होता, नोकर आवाज देत होते, शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी परत वळले असते. आई माझ्या पाठीशी होती, आणि पायरी अरुंद होती, आणि ती बाजूला होईना. म्हणून मी वर चढले.

ती गादीच्या कडेला बसली. शेठांनी विचारलं, "माताजी, आप कुछ लेंगी?" तिनं नको म्हणून मान हलवली. मी कागद पसरले, मोर दाखवला, काठाची रुंदी सांगितली, एका ठिकाणी शेठ म्हणाले तसं होणार नाही म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांचं ऐकलं. आईनं ओठ इतके घट्ट मिटले होते की तिच्या गालाला खळ्या पडल्या होत्या. सगळं ठरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिला ओळखणाऱ्या कोणाला हे सांगितलं तर पटणार नाही.

रस्त्यावर आल्यावर तिनं मोठा श्वास घेतला. "मंग आता मामाले काय सांगाचं?"

"मी सांगते," मी म्हटलं.

"नाही वं, मले सांगू दे. मी आज लई चूप बसली." आणि घरापर्यंत ती बोलतच होती. गुळाचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

मंगळवारी तुम्ही वर्गाच्या दारात मला थांबवलंत. "गेली होतीस? एकटी?" मी हो म्हणून मान हलवली. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतकं छान हसलात की पुढे कधी खरं सांगायला जमलंच नाही. त्यानंतर मी तीस वर्षांहून जास्त काळ काठ काढले, त्या शेठांसाठी आणि त्यांच्या मुलासाठीही, आणि 'तुम्ही काय करता?' असं कोणी विचारलं की तेच वाक्य सांगत आले. मुलींना कार्यक्रमात सांगते की माझ्या बाईंनी मला एकटीनं उभं राहायला शिकवलं. टाळ्या पडतात. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, कारण टाकायला जागा नाही, आणि असती तरी बहुतेक टाकलं नसतं. पण इथे लिहून ठेवते. बाई, मी एकटी गेले नव्हते.