नेटवर पाहिलेला शनी

शनिवार, जून २००१
चौसाळा

आज मनीषाचा बारावीचा निकाल बघायला आम्ही मायलेकी बीडला गेलो. यंदा निकाल म्हणे इंटरनेटवर. पोरगी फर्स्ट क्लासमध्ये आली. नेट कॅफेतच तिनं मला मिठी मारली.

कॅफेवाला म्हणाला, "ताई, टाईम शिल्लक हाय अजून. आणखी काय बघायचं असंल तर बघा."

माझ्या तोंडून एकदम निघालं, "शनी दिसंल का? आकाशातला?"

मनीषा हसली, पण तिनंच टाईप केलं. चित्र वरून खाली हळूहळू उतरत होतं. आधी नुसता काळोख, मग पिवळसर गोळा, मग कडी. आमच्या शाळेच्या पुस्तकात ती कडी म्हणजे एक काळी रेघ होती. ही कशाची असतात, असं मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, पुढच्या वर्गात कळेल. पुढचा वर्ग कुठला? दहावी झाली आणि लग्नच झालं.

बर्फाची असतात. मनीषानं इंग्रजी वाचून सांगितलं. एवढंसं उत्तर, आणि माझे डोळे भरून आले. आनंदानं? काय की. मी शिकले असते का पुढं? शिकले असते.

एसटीत ती औरंगाबादच्या कॉलेजचं बोलत होती. मी हं हं करत होते, डोळ्यांपुढं मात्र ती कडी.

घरी ह्यांनी आधी गल्लीत पेढे वाटले. मग मला म्हणाले, "एवढा उशीर कावून झाला?"

"शनी बघत होते."

"बरं केलं. तेल वाहिलं का?"

मी हो म्हणाले.