जीपच्या पत्र्यातली चार भोकं

बाबा, तुमची जीप चालू आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर माझ्या तब्येतीच्या आधी तिचीच विचारपूस केली असती. "कशी हाये वं?" असं विचारलं असतं, आणि मी "बरी आहे" म्हटलं की तुमच्या तोंडाकडे पाहून मला कळलं असतं, प्रश्न माझ्याबद्दल नव्हताच. हसू नका. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली तरी या गोष्टीचा मला अजून राग येतो. दुपारची वेळ आहे, तुमच्याच दुकानात तुमच्याच स्टुलावर बसून कामाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते आहे. बाहेर स्टँडवरचे ऑटोवाले नंबरावरून भांडत आहेत, म्हणजे वाशीम जागच्या जागी आहे. तर सांगायचं असं की मागच्या आठवड्यात मी ड्रिल मशीन घेऊन तुमच्या जीपमध्ये उतरले. तिच्या तळाच्या पत्र्याला भोकं पाडायला. हो, मीच. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय ओरडायचं ते ओरडा.

तुम्ही लोकांच्या गाड्यांना हॉर्न, टेप, लाइट बसवायचे. मीही तेच करते, फक्त आता गाड्यांच्या पोटात कॉम्प्युटर आला आहे. सोयाबीन सोंगायला आलं की हार्वेस्टर रात्रंदिवस चालतात. मध्येच एक पिवळा दिवा लागतो आणि अख्खी मशीन रुसून बसते. ड्रायव्हर बोनेट थोपटतो, शिव्या देतो, मग मला फोन करतो. मी जीप घेऊन शेतात जाते, मशीनच्या खाचेत वायर लावते आणि लॅपटॉपवरून तिला विचारते की बाई, तुझं दुखतं कुठं. हा लॅपटॉप मी नागपूरहून जुना घेतला. चारही कोपऱ्यांना रबर, उचलायला वर मूठ, प्रत्येक खाचेवर झाकण, आणि वजन असं की शेजारचे वेल्डरकाका त्याला "बॅटरी" म्हणतात. "ताई, तुह्या बॅटरीत पानी टाकलं का आज?" रोज विचारतात, रोज स्वतःच हसतात. पण जुन्या हार्वेस्टरचं सॉफ्टवेअर फक्त याच्यावरच चालतं. नवे नाजूक लॅपटॉप त्याला ओळखही देत नाहीत.

मागच्या सीझनला मेडशी गावात काय झालं ते ऐका. लॅपटॉप जीपच्या बोनेटवर, तिथून लांब वायर हार्वेस्टरला. मी त्या ड्रायव्हरला म्हटलं, "आता जरा चालू कर." मला म्हणायचं होतं इंजिन चालू कर. त्या बहाद्दरानं मशीनच पुढं काढली, गिअर टाकून! वायरीसकट माझा लॅपटॉप बोनेटवरून खाली, आणि मग धसकटांतून फरफटत दहा-बारा हात. मी ओरडत मागं धावते आहे, शेतमालक माझ्या मागं, आणि ड्रायव्हर आम्हाला आरशात पाहून हात हलवतो आहे. त्याला वाटलं आम्ही खूश होऊन राह्यलो. लॅपटॉप उचलला, माती झटकली, तर पडद्यावर आकडे तसेच चालू होते. मला तिथंच रडू आलं. वायर मात्र तुटली होती. त्या दिवशी ठरवलं, आता वायर नाही. मशीनच्या खाचेत लावायचा डबीएवढा बिनतारी रीडर मिळतो, तो घ्यायचा आणि लॅपटॉपला बिनतारी कार्ड बसवायचं.

लॅपटॉप उघडला तर आत कार्डाची जागा रिकामी होती, आणि ॲन्टेनाच्या दोन बारीक वायरी काळ्या टेपमध्ये गुंडाळून पडल्या होत्या. बनवणाऱ्यानं सोय करून ठेवली होती, फक्त कोणी कार्ड बसवलं नव्हतं. पहिलं कार्ड त्यानं ओळखलंच नाही. दुसरं अकोल्याहून आणलं, ते ओळखलं, पण सिग्नल शून्य. दोन दिवस मी त्याच्याशी भांडले. पुन्हा उघडलं तेव्हा दिसलं, वायरींची टोकं कार्डावर नुसती टेकली होती, बसली नव्हती. आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही भिंतीशी मांडी घालून कोणाच्या तरी जीपची वायरिंग पसरली आहे, आणि मला प्लगची जोडणी शिकवत आहात. "टिक वाजल्याशिवाय हात काढाचा नाही. वाजलं का?" मी खोटंच हो म्हणते. तुम्ही वायर ओढता, प्लग सुटतो, तुम्ही परत माझ्या हातात देता. "आता वाजव." असं सात-आठ वेळा. आई म्हणते, "पोरगी जेवल का आज?" तुम्ही म्हणता, "टिक वाजू दे, मंग जेवल." या वेळी नखानं दाबलं आणि टिक वाजलं. सिग्नल आला. मी दुकानात एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, वाजलं.

आता राहिलं ते जीपमध्ये बसवणं. शेजारच्या सीटवर ठेवला तर प्रत्येक ब्रेकला घसरायचा. मालेगावच्या अलीकडे बकरी आडवी आली तेव्हा तो सरळ गिअरच्या दांड्यावर पडला आणि झाकणाचा एक कोपरा चेपला. दुसरा असा लॅपटॉप मिळणार नाही हे मला माहीत आहे. तुमचा जावई, ज्याला तुम्ही पाहिलं नाही, गावालगत भाजीचा मळा करतो. माणूस थंड आहे, पण त्या दिवशी तोही बोलला. "पाह्य, एक तर याले जीपमंदी पक्का बसव, नाही तं जीप इकून टाक. पिकअप घेऊ. माहा भाजीपाला बी जाईन, तुह्या पेटीले बी जागा होईन. जुन्या गाडीची पूजा करून पोट भरते काय?" मी भडकले. पण तो चूक नव्हता. सीझन तोंडावर आला होता. जीप कामाची राहिली तर राहील, नाहीतर भंगारवाला तिला तोडून नेईल. मी त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

आधी तुमच्याच पद्धतीनं केलं. आपल्या जीपला भोक पाडायचं नाही, क्लॅम्प लावायचा. वेल्डरकाकांकडून पाइपाचा स्टँड करून घेतला, सीटच्या पायाला क्लॅम्पनं आवळला, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर दिलं. मग तुमची परीक्षा. स्टीलचा पेला काठोकाठ भरून स्टँडवर ठेवला आणि रेल्वे गेटच्या खड्ड्यांतून गाडी नेली. तुमच्या हिशेबानं दोन बोटांपर्यंत पाणी सांडलं तर पास. माझा पेला गेटाच्या अलीकडेच लवंडला, पाणी सगळं जावयाच्या मांडीवर. तो रुमालानं पँट पुसत नुसता समोर पाहत राहिला, त्याचाच मला जास्त राग आला. तिसऱ्या दिवशी क्लॅम्प दोन केले, तरी तेच. स्टँड डुलायचं थांबेना. तळाच्या पत्र्यालाच बोल्टनं धरल्याशिवाय तो हलायचा थांबणार नव्हता.

आणि तिथं माझा हात चालेना. जागा होती गिअरच्या मागं, दोन सीटांच्या मधे. तिथं माझं सीट होतं, आठवतं? कोणाच्या तरी भंगार स्कूटरचं मागचं गोल सीट, स्प्रिंगवालं, तुम्ही माझ्यासाठी बसवलं होतं. मी सहा वर्षांची असेन. तुमच्या कोपराला माझं डोकं लागायचं. पोहरादेवीला यात्रेत गाड्यांचे लाइट दुरुस्त करायला तुम्ही मला त्याच सीटवर बसवून नेलं होतं. परतताना मी झोपले तर तुम्ही एका हातानं स्टेअरिंग आणि एका हातानं माझी मान धरून गाडी चालवली. मला वाटायचं, या गाडीचे दोन ड्रायव्हर आहेत. बारावं लागलं त्या वर्षी एक दिवस शाळेतून आले आणि पाहते तर सीट नाही. खाली नवी रबरी मॅट. तुम्ही म्हणालात, "गुडघे गिअरले लागून राह्यले तुहे. आता मोठी झाली, मांगं बस." एवढंच. मी मागं बसले आणि खूप दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, मला कधी समजलं नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या नव्या गाडीचा टेप बसवायचा होता. तुम्ही डॅशबोर्डवर पेन्सिलनं खूण केली, हँडड्रिल माझ्या हातात दिलं आणि बॅटरीकडे वळलात. भोक पडलं ते खुणेपासून चार बोटं बाजूला, सगळ्यांना दिसेल असं. "हात घसरला," मी म्हणाले. तुमचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "लोकायची गाडी हाये वं! भोक बुजत नाही पोरी, भोक फक्त लपते!" चहावाला, शेजारचा टायरवाला, सगळे पाहत होते. डॉक्टर आले तेव्हा मी टायरांच्या ढिगामागं उभी होते. तुम्ही टोपी काढून हातात धरलीत आणि म्हणालात, "साहेब, माह्या हातानं झालं." दुसऱ्या दिवशी मला सेंटर पंच आणून दिलात, खुणेवर टेकवून हातोडी मारली की खड्डा पडतो आणि ड्रिलचं टोक तिथून हलत नाही. "आता नाही घसरनार हात," म्हणालात. तोच पंच आजही माझ्या पेटीत आहे. त्याची मूठ मी दोनदा बदलली, टोक तुमचंच आहे.

तर आठव्या दिवशी सकाळी तो पंच, ड्रिल आणि खडू घेऊन मी जीपमध्ये गुडघे टेकले. तोंडानं तुमची माफी मागत होते, जोरानं, वेल्डरकाकांना ऐकू जाईल इतक्या. मॅट उचलली. खाली तुमचा काळा रंग, जाड. खुणेसाठी तो खरवडला तर खडूखाली एक गोल डोकं निघालं. मग दुसरं. चार बोल्ट. बाबा, तुम्ही! जन्मभर मला सांगत राहिलात की माह्या जीपले म्या एक भोक पडू देल्लं नाही, आणि मी वेडी समजत होते की माझं सीट क्लॅम्पवर आहे. गाडीखाली शिरून पाहिलं, तर चारही नट जागेवर, आणि प्रत्येकावर लाल ठिपका. आईची नेलपॉलिश. नट पक्का आवळला की तुम्ही तिच्या बाटलीतून ठिपका लावायचे आणि ती म्हणायची, "माह्या नखायले ठेवजा थोडी." मी पाना लावला, वाटलं गंजून धरले असतील. पहिला नट अर्ध्या झटक्यात सुटला. आत ग्रीस होतं. चारही बोल्टांना ग्रीस लावून, रबराचे वायसर देऊन, वरून रंग मारून ठेवलं होतं तुम्ही. कायमचं बंद करायचं असतं तर वेल्डिंगचा टाका मारला असता, ते तुम्हाला काय जड होतं? तुम्ही माझी जागा बुजवली नव्हती. सीट कधी परत बसवायची वेळ आली तर बसवता यावं, असं ठेवलं होतं. मी गाडीखाली उताणी पडून इतकी रडले की वेल्डरकाका वाकून विचारू लागले, "ताई, डोळ्यात काही गेलं काय?" मी म्हटलं, "हो, गंज." गंज तर नव्हताच कुठं.

स्टँडच्या पायपट्टीची भोकं जुळत नव्हती, म्हणून पट्टीलाच नवी भोकं पाडून घेतली. जीपला नवं एकही भोक पाडलं नाही. तुमचे बोल्ट, तुमचे नट, तुमच्याच जागी. आवळल्यावर मी माझ्या पोरीची, तुमच्या नातीची, नेलपॉलिश आणून चार ठिपके लावले. ती जांभळी आहे, चालवून घ्या. मग पेला भरला, रेल्वे गेट ओलांडून परत आले. जावयानं पेल्यात बोटं बुडवून मोजलं. "दोन बोटं," म्हणाला. बोटं पँटीला पुसत म्हणाला, "पिकअपचं पुढच्या साली पाहू." पुढच्या सालीही तो हेच म्हणेल, त्याला मी ओळखते. परवा त्याच मेडशीच्या ड्रायव्हरकडे गेले. लॅपटॉप स्टँडवर, रीडर मशीनला. तो जीपभोवती दोन चकरा मारून, खाली वाकून पाहून आला. "ताई, वायर कुठी गेली? मले दिसून नाही राह्यली." म्हटलं, "वायर नाहीच." "मंग आता म्या चालू करू का?" म्हटलं, "कर बाबा, गिअर टाकून कर." मशीन शेताच्या टोकापर्यंत गेली आणि आकडे माझ्यासमोर येत राहिले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतून पानही फाडणार नाही. पण तुम्ही तुमचं लपवलेलं दाखवलंत, तर माझंही सांगते. डॉक्टरांच्या गाडीत माझा हात घसरला नव्हता, बाबा. खूण तुम्ही बरोबर केली होती आणि ती मला नीट दिसत होती. माझं सीट काढलंत म्हणून मी ते भोक मुद्दाम बाजूला पाडलं. तुम्ही टोपी काढून ते स्वतःच्या हातावर घेतलंत, आणि टायरांच्या मागं उभी राहून मी ते घेऊ दिलं.