वडूजला दिस दिसेना

सोमवार, ८ जानेवारी १९४५

थंडी पळाली! काल रात्री घोंगडी पायाशी सारली ती सकाळपर्यंत वर ओढावी लागली नाही. उजाडलं तेच राखाडी. वारा बंद, अंग दमट. हे दिवस हुडहुडी भरायचे — आणि वडूजला आभाळ! इथं पावसाळ्यातसुद्धा ढग इतका वेळ टिकत नाहीत.

मामंजी नेहमीप्रमाणे आंघोळ करून ओट्यावर उगवतीकडं तोंड करून बसले. दिस दिसल्याशिवाय ते अन्नाला शिवत नाहीत. मागच्या महायुद्धात ते पलटणीत हवालदार होते; बसऱ्याच्या लढाईवरून परत आले तेव्हापासूनचा नेम. का धरला, कुणाला माहीत नाही. घरात कुणी विचारतही नाही. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं, तेवढ्यात दोन-तीनदाच त्यांची न्याहारी दुपारवर गेली. आज दिवस मावळला तरी नाही. पाणी प्यायले, झोपले.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला मात्र दुपारीच वाढलं. "तू घे जेवून. दोन जिवांची हायस." सासऱ्यांच्या आधी ताटावर बसायचं म्हणजे बरं दिसत नाही. पण पाचवा महिना लागल्यापासून त्या माझं काही ऐकून घेत नाहीत.

मंगळवार, ९ जानेवारी

सकाळी भुरभुर. पाऊस म्हणावा तर अंगण नीट भिजलं नाही, नाही म्हणावं तर वाळत घातलेली लुगडी ओलीच. शाळू ज्वारीच्या कणसांत दाणा भरत आलाय आणि पानांवर माव्याची कीड दिसायला लागली. पानाला हात लावला तर बोटं चिकट. हरभऱ्याचंही खरं नाही.

मामंजी शेतावर जाऊन आले. रिकाम्या पोटी! आल्यावर ओट्यावर बसले आणि परत वर बघत राहिले.

शेजारच्या चंद्राबाई आल्या होत्या. "आवं हवालदार, सुर्व्या ढगामागं हायच की. कुठं पळून गेलाय व्हय? जेवा गपगुमान." मामंजी हसले फक्त. मग जोशीबुवांचा निरोप आला — पाटावर कुंकवानं सूर्य काढावा, नमस्कार करावा, चालतं. त्यावर मात्र बोलले, "चितरातल्या सुर्व्यानं कुणाचा शाळू पिकलाय?"

मला हसू आलं. पदर तोंडावर धरला. मी अजून त्यांच्याशी समोरासमोर चार शब्द बोललेली नाही, हसून कसं चालेल!

बुधवार, १० जानेवारी

तसंच. दुपारी दोन सरी. मोटारवाल्याबरोबर सांगलीला ह्यांना निरोप धाडला — वडील जेवत नाहीत, येऊन जा.

गुरुवार, ११ जानेवारी

हे आले! अंधार पडता पडता. लढाईत पेट्रोल नाही म्हणून कोळशावर चालवतात त्या मोटारीनं विट्याच्या अलीकडं दोनदा दम टाकला म्हणे. कपड्यांना धुराचा वास, केसांवर पावसाचे थेंब. विश्रामबागेतल्या खोलीत स्वतःच्या हातचं खाऊन वाळलेत. छापखान्यातून दोनच दिवसांची रजा मिळाली.

आल्या आल्या ओट्यावर गेले. मामंजी भिंतीला टेकून बसले होते. गाल आत गेलेत त्यांचे. हे म्हणाले, "आबा, सांगलीत काल चांगलं ऊन पडलं हुतं. उद्या माझ्यासंगं चला. तिथं दिस बघा, जेवा, चार दिस ऱ्हावा."

"ऊन बघाय मोटारीनं जायाचं? लोक हसतील रं."

"हसूंद्यात."

"आन हितला दिस काय म्हनंल? हवालदार दुसऱ्या गावाला गेला बघाय!"

थट्टा करतात, पण आवाज खोल गेलाय. शेवटी ह्यांनी त्यांचे पाय धरले तेव्हा "बरं" म्हणाले. सकाळच्या मोटारीनं निघायचं ठरलं. मला एकदम मोकळं वाटलं. कुणालातरी काहीतरी सुचलं!

पण दुसरं लिहायचंय ते हे. संध्याकाळी म्हशीला आंबोण घालायला गेले तर टोपल्यात भाकऱ्या. आजची, कालची, परवाची, वाळून पापड झालेल्या. माझ्याच हातच्या. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"आत्याबाई, तुम्ही जेवलाच नाही?"

"हळू बोल."

"सोमवारपासून?"

"नवरा उपाशी आसताना घास उतरतोय व्हय गं?" जसं काही मी पाणी ओतायचं विसरले आणि त्या मला सांगताहेत, अशा आवाजात. "ह्ये नेम घिऊन आलं तवापासनं माझाबी त्योच. त्येंनी दिस बघायचा, म्या त्येंचं ताट बघायचं."

मामंजींना माहीत आहे का, विचारलं. "त्येंनी इचारलं न्हाई. म्या सांगितलं न्हाई. तूबी सांगू नगंस. शपत हाय तुला."

मी शपथ घेतली. घ्यायला नको होती का? आता लिहिताना वाटतंय, नको होती. पण उद्या सांगलीला ऊन बघून मामंजी जेवले की... मग इथं आत्याबाईंना कळणार कसं? तिथं ते जेवतील, इथं या कुणाचं ताट बघणार? हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, आत्ता लिहीपर्यंत.

सकाळी ह्यांना सांगते. ह्यांना सांगायला शपथ आड येत नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

सांगता आलं नाही. त्याआधीच झालं.

पहाटे आत्याबाई वाटेसाठी भाकऱ्या करायला बसल्या. मी पीठ मळते म्हटलं तर ऐकेनात. मी आडावर पाणी शेंदत होते. धप्प असा आवाज आला. धावत गेले तर त्या चुलीपुढं आडव्या, एक हात परातीत, तवा तसाच तापलेला, लुगड्याचा पदर निखाऱ्यापासून वीतभर. पदर ओढला आणि ओरडले. ह्यांना नावानं हाक मारली! पहिल्यांदाच. आता लाज वाटते.

हे धावत आले, त्यांना उचलून माजघरात आणलं. मामंजी दाराशी. आत्याबाईंचे ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे, काही कळत नव्हतं त्यांना. हे डॉक्टरांना आणायला पळाले. बाहेर परत भुरभुर सुरू. मोटार निघून गेली असणार, तिची आठवणही कुणाला राहिली नाही.

डॉक्टरांनी नाडी बघितली, पापणी ओढून बघितली, पोट दाबलं. म्हणाले, "किती दिवस उपाशी?"

हे म्हणाले, "उपाशी ते आबा. आमचे वडील. हे बघा, तिकडं बसलेत."

"मी यांचं विचारतोय. या बाईंचं."

मामंजी डॉक्टरांकडं बघत होते, मग ह्यांच्याकडं. त्या दोघांना खरंच काही माहीत नव्हतं. एका घरात राहून! शपथ मोडली की काय होतं ते होवो. डोक्यावरचा पदर सावरला आणि मामंजींकडं बघून बोलले. समोर, सरळ.

"मामंजी, आत्याबाईंनी सोमवारपासून खाल्लेलं नाही. तुम्ही जेवत नाही तोवर त्या जेवत नाहीत. आजच नाही. तुम्ही बसऱ्याहून आलात तेव्हापासून."

मामंजी म्हणाले, "कवापासनं?"

ऐकू आलं नव्हतं असं नाही. परत ऐकायचं होतं. मी परत सांगितलं.

डॉक्टरांनी सुई दिली. गुळाचं पाणी चमच्यानं पाजा, शुद्ध नीट आली की पातळ पेज, दूध, थोडं थोडं. पोटात काही गेलं नाही तर माझ्या हातात काही नाही, असं स्पष्ट सांगून गेले. गुळाचं पाणी गेलं. तासाभरानं डोळे नीट उघडले. पेज पुढं केली तर ओठ मिटून घेतले! ह्यांनी हात जोडले, रडले. आत्याबाईंनी मान हलवली नुसती. नजर मामंजींवर.

तेव्हा मामंजी उठून त्यांच्या अंथरुणाजवळ खाली बसले. मी उंबऱ्यापाशी होते, सगळं ऐकू येत होतं.

"रंगू," म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नव्हतं. "म्या नेम का धरला, सांगतो. पलटनीतला जोतिबा आन मी गोळी लागून नदीच्या काठाला पडलो हुतो. रातभर. त्येच्या पिशवीत एक रोटी हुती, वाळल्याली. म्या म्हनलं खाऊ. त्यो म्हनला, अंधारात नगं गड्या, दिस उगवल्यावर दोगं मिळून खाऊ. दिस उगवला. त्यो न्हवता." थांबले. "तवापासनं दिस बगितल्याबिगर घास घेत न्हाई. त्येच्यासंगं खातोय आसं वाटतं."

आत्याबाईंचा आवाज अगदी बारीक. "मग ह्ये मला सांगायचं न्हाई व्हय? म्याबी त्येचं नाव घिऊन खाल्लं आस्तं."

"तू सांगितलंस व्हय मला?"

कौलांवर पाऊस वाजत होता.

मग मामंजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, भाकरी आन."

तव्यावरची भाकरी जळाली होती. तिच्याआधी झालेली आणली. त्यांनी कोर मोडली, आत्याबाईंच्या पेजेत बुडवली आणि त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी तोंड फिरवलं. "आदी तुमी."

मामंजींनी दाराबाहेर बघितलं. आभाळ तसंच, गच्च. तो घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळताना डोळे मिटले होते.

मग त्या खायला लागल्या. तीन चमचे पेज.

मी मागच्या दारी जाऊन रडले.

शनिवार, १३ जानेवारी

भोगी. हे सकाळी गेले, रजा संपली. जाताना म्हणाले, "तू बोललीस म्हणून." आणि पिशवी उचलली.

वांगी, हरभरा, गाजर घालून भाजी केली, तीळ लावून बाजरीची भाकरी. आत्याबाईंना अंगात बारीक ताप. दुधात कुस्करून दोन घास दिले. आधी मामंजींना खावं लागलंच. खातात, पण शिक्षा भोगल्यासारखं. ताट पुढं ओढतात, वर बघत नाहीत, भराभर गिळतात, उठतात. आज ओट्यावर बसलेच नाहीत. गोठ्यात म्हशीजवळ बसून राहिले दिवसभर.

बरं केलं का मी? आत्याबाई वाचल्या तर बरंच केलं. पण माणसाच्या हातून काहीतरी काढून घेतलंय असं वाटतं.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत, आणि अमावास्या. आभाळ आहेच, पाऊस नाही. चंद्राबाई तिळगूळ घेऊन आल्या, आत्याबाईंच्या उशाशी बसून पोटभर बोलल्या. ताप उतरलाय.

दुपारी मी ओट्यावर शेंगा फोडत होते. मामंजी येऊन खांबाला टेकले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस, बस." शेंगांकडंच बघत होते. मग म्हणाले, "ती काय खाती, कवा खाती — मला ठावंच न्हाई बग. पलटनीत शंभर मानसांच्या रोट्या मोजून घेत हुतो म्या."

मी शेंगा पुढं केल्या. त्यांनी मूठभर घेतल्या, फोडायला लागले. दाणे माझ्या सुपात टाकत राहिले.

मग विचारलं, "तुला काय गं, भीती वाटली न्हाई त्या दिशी? मला बोलायची?"

"वाटली."

"हं," म्हणाले. "मलाबी लई वाटली."

आत्याबाईंनी आतून हाक मारली, दूध उतू चाललंय म्हणून. अंथरुणावरूनही त्यांचं लक्ष चुलीवर!

सोमवार, १५ जानेवारी

लख्ख ऊन! अंगणभर.

मी ताट वाढलं ते मामंजींनी स्वतः उचलून आत आत्याबाईंपुढं नेऊन ठेवलं. "आदी तू." त्या म्हणाल्या, आवं आसं आसतंय व्हय, दिस उगवलाय, बगा तरी. मामंजी हलले नाहीत. दारात उभे राहिले, उन्हाकडं पाठ करून, आत्याबाईंनी पहिला घास गिळेपर्यंत.