वाऱ्याची बाही

असोज ३, सोमवार

वारा दाखवणारी नवी कापडी बाही धावपट्टीच्या खांबावर चढली!

गुरुवारी परदेशी पाहुणी येणार म्हणून आमच्या विमानतळाच्या हाकिमसाहेबांनी मुद्दाम शिवून घेतली. जुनी उन्हाने विटली होती. टोकाजवळ भोक होतं, वारा अर्ध्यातच निसटायचा. शिंपी रत्नवीर दाइ, म्हणजे सगळ्यांचा दादा, चार दिवस खपला. लाल-पांढरे पट्टे, आतून दुहेरी अस्तर, तोंडाला जाड दुमड. "सात पावसाळे टिकेल," म्हणाला. मग वर बघून, "पण एवढ्या लांब हाताचा माणूस कोण रे, कर्ण?"

मी म्हणालो, वारा.

"मग माप द्यायला का नाही आला?"

हाकिमसाहेबांनी बाही तीन बाजूंनी पाहिली. "अशी राजधानीच्या विमानतळावरही नसेल," म्हणाले. राजधानीतलीला अस्तर आहे की नाही, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही.

असोज ४, मंगळवार

सकाळी धावपट्टी चालून पाहिली. रोज ६९४ पावलं होतात. आज ६९६ झाली. दोन जास्तीची कुठून आली? परत चाललो. ६९४. मग बरं वाटलं.

तेरा तारखेला मोठ्या कार्यालयातले साहेब मला कायम करायचं की नाही ते ठरवायला येणार. चार वर्षं हंगामी आहे. काम काय करतोस, असं विचारतील. उत्तर पाठ करायला इथे लिहून ठेवतो—

आमच्या थाप्लेडांड्यावर विमान सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी दहाच्या आत येतं. उतरायची बाजू एकच, खालून दरीकडून वर. वरच्या टोकाला दगडी भिंत आहे. सकाळी दहानंतर दरीतून वारा चढतो, म्हणजे तो उतरणाऱ्या विमानाला पाठीमागून ढकलतो. मी भोंगा वाजवून गुरं आणि माणसं हटवतो. मग बाही किती उचलली आहे ते बघून वाऱ्याचा जोर सांगतो. हाकिमसाहेब तो रेडिओवर पायलटला कळवतात; पाठीमागून दहा नॉटच्या वर असेल तर विमान परत जातं. नंतर मी नोंदवहीत लिहितो.

भिंतीमागे माइली दिदीचं चहाचं दुकान आहे, ते सांगायची गरज नाही.

आमाने आपला मुलगा कायम होणार हे सात घरी सांगून टाकलंय. मी मोजली.

असोज ५, बुधवार

दुपारी मक्याच्या कणसांची सालं माझ्या डोक्यावरून वर उडत गेली. बाही झोपलेली. नवं कापड आहे, रुळेल.

असोज ६, गुरुवार

आज अक्षर मुद्दाम नीट काढतो.

धुक्यामुळे विमानाला उशीर झाला. दहा चाळीसला दरीच्या तोंडाशी दिसलं. मी बाहीकडे पाहिलं. सरळ खाली लोंबत होती. मानेला मागून वारा लागत होता, कॉलर हलत होती. पण नियम आहे की बाहीवरून सांगायचं. नियमात मान नाही. मी म्हणालो, "वारा शांत." हाकिमसाहेबांनी तेच रेडिओवर सांगितलं.

विमान टेकलं ते निम्म्या पट्टीवर! ब्रेक किंचाळले, धूळ उठली, आणि ते भिंतीपासून चार पावलांवर थांबलं. चारच. मी नंतर मोजली.

माइली दिदी भिंतीवरून डोकावली. हातात गाळणं. "चहा आवडतो म्हणून थेट दुकानातच यायचं होय? कर्णा, यांना सांग, विमानातून उतरून आलं तरी चालतं!"

पायलट हसला. सगळेच हसले. मीही हसलो, कारण न हसलो असतो तर रडलो असतो.

त्याच विमानातून पाहुणी उतरली. अकिन्यी नावाच्या केनियाच्या बाई आहेत. साठीच्या, उंच, पायात मळके बूट. छोट्या देशांच्या विमानतळांना सुरक्षितपणा शिकवतात. त्यांनी वळून भिंतीकडे, मग बाहीकडे पाहिलं.

नंतर मी हाकिमसाहेबांना म्हणालो, "साहेब, बाही जड झालीय."

"बाही नाही, तुझं डोकं जड झालंय. तेरा तारीख विसरलास? तोवर सगळं सामान्य."

नोंदवहीत लिहिलं: वारा शांत. उतरणे सामान्य.

स्वच्छ अक्षरात.

असोज ७, शुक्रवार

अकिन्यी मॅडमनी नोंदवह्या मागितल्या. अकरा वर्षांच्या! मी दोरीने बांधून तारीखवार लावल्या होत्या, मनातून खूश होतो. त्यांनी तासभर पानं उलटली. सगळीकडे सामान्य, सामान्य, सामान्य. मग इंग्रजीत बरंच काही बोलल्या. मी हाकिमसाहेबांकडे पाहिलं.

"मॅडम म्हणतात, काम फार छान आहे," हाकिमसाहेब म्हणाले.

"मी असं नाही म्हटलं," मॅडम आमच्याच भाषेत म्हणाल्या. स्वच्छ! चार वर्षं या देशात आहेत म्हणे. "मी म्हटलं, जिथे अकरा वर्षांत काहीच घडलं नाही, त्या धावपट्टीची मला सर्वात जास्त भीती वाटते."

हाकिमसाहेब टोपी सारखी करत बसले. बराच वेळ.

मॅडमनी मग बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागवला आणि झाकणाला चीर पाडली. "जे बिघडलं, जे बिघडता बिघडता राहिलं, ते लिहा आणि यात टाका. नाव नको. लिहिणाऱ्याला शिक्षा नाही. गावातलं कुणीही चालेल. सोमवारी विमान यायच्या आधी मी उघडेन." डबा माइली दिदीच्या दुकानात ठेवला.

हाकिमसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिक्षा नाही असं ज्यांना सांगतात, त्यांनाच आधी होते. पंचवीस वर्षं नोकरी केलीय मी."

हे मात्र खोटं वाटलं नाही.

असोज ८, शनिवार

डब्यापुढे रांग! माइली दिदी म्हणते, लग्नाच्या पंगतीला इतके लोक येत नाहीत. प्रत्येकाला चहा घ्यावा लागतो, नाहीतर ती पेन्सिल देत नाही.

मी तीनदा दुकानात गेलो. तीन चहा झाले. चिठ्ठी खिशातच.

असोज ९, रविवार

मॅडम आज माझ्याबरोबर पट्टी चालल्या. त्यांची ६१२ पावलं झाली. मी म्हणालो, तुमची ढांग मोठी आहे. त्या म्हणाल्या, "तुझी मोजणी मोठी आहे." हे कौतुक होतं की थट्टा, ठरवता आलं नाही.

खालच्या टोकाला बसलो. त्यांनी सांगितलं, तरुणपणी त्या अशाच डोंगराळ पट्टीवर काम करायच्या. एकदा चिखल दिसला होता. सांगितला नाही. वरिष्ठ रागावतील म्हणून. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्या बुटाला लागलेली माती काटकीने काढत राहिल्या.

मग गळ्यातला पातळ रुमाल काढून हवेत धरला. रुमाल आडवा झाला. वर बाही झोपलेली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दरीकडे बघत होत्या.

त्यांना पहिल्यापासून माहीत आहे! त्याच विमानात होत्या की. मग स्वतः का बोलत नाहीत?

घरी आलो. आमाने पिठाचा घट्ट ढिंडो आणि गुंद्रुकची आंबट भाजी वाढली. साहेबांसाठी झेंडूची माळ कुणाच्या बागेतली आणायची, हे ती ठरवत होती. उद्या सोमवार. उद्या विमान येणार, आणि बाही तीच. उद्याही धुकं पडलं तर?

संध्याकाळी पाचला दुकानात गेलो. चौथा चहा घेतला आणि चिठ्ठी टाकली. "सहा तारखेला वारा पाठीमागून होता. मला मानेवर कळला होता. बाही जड आहे म्हणून मी शांत सांगितला. चूक माझी." नाव नको म्हणाल्या होत्या. पण मान माझीच, हे कोण ओळखणार नाही?

माइली दिदी म्हणाली, "भाइ, एवढा घाम? प्रेमपत्र आहे का?"

असोज १०, सोमवार

सकाळी सातला डबा उघडला. दुकानात अर्धं गाव. मॅडमनी मोठ्याने वाचल्या—

भोंगा वाजला की शेजारणीची म्हैस आमच्या कोबीत शिरते.

माइली दिदीच्या चहात दूध दिसत नाही, फक्त ऐकू येतं. (दिदी: "कुणाचं अक्षर आहे? दाखवा इकडे!")

हाकिमसाहेबांचं घोरणं रेडिओवरून पायलटला जातं.

कर्णचं लग्न करा, म्हणजे पावलं मोजणं थांबेल.

मग माझी. कुणी हसलं नाही. माझे कान तापले. हाकिमसाहेब भिंतीकडे बघत होते.

तळाशी एक राहिलं होतं. कागद नव्हता. कापडाचा तुकडा होता, बोटभर. दुहेरी अस्तराचा. रत्नवीर दाइला लिहिता येत नाही.

मॅडमनी तो तळहातावर ठेवला. दाइ मागून म्हणाला, "चांगलं दिसावं म्हणून घातलं. टिकावं म्हणून घातलं. उडायचंही असतं हे कुणी सांगितलंच नाही."

"सांगायला हवं होतं," हाकिमसाहेब म्हणाले. "अस्तर मीच घालायला लावलं." इतकंच. मग टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांना टक्कल आहे हे आज कळलं.

बाही खाली उतरवली. दाइने तिथेच गवतावर बसून अस्तर उसवलं, दुमड कापली. वर चढवताच ती एका झुळकीवर मांजरासारखी उठली, मग निजली. विमान वेळेवर आलं, वारा खरंच शांत होता.

मॅडम त्याच विमानाने गेल्या. जाताना मी विचारलं, तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर ही बाही बरी झाली असती. पुढची?"

हाकिमसाहेब मात्र दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. गुरुवारी मोठ्या साहेबांसमोर माझ्याबद्दल हाकिमसाहेबच बोलणार आहेत.

असोज १२, बुधवार

उत्तर पाठ केलं. कोट झटकला. आमाला माळ मिळाली.

असोज १३, गुरुवार

पुन्हा धुकं. विमान दहा वीसला दरीच्या तोंडाशी. आत साहेब, त्यांच्या पिशवीत मला कायम करायचा कागद. आमा माळ घेऊन भिंतीजवळ. बाही ताठ आडवी.

हाकिमसाहेबांनी माइकवर हात ठेवला. "किती?"

मी बाहीकडे पाहिलं. आमाकडे नाही पाहिलं. "चौदा. पाठीमागून."

त्यांनी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. विमानाने दरीवर एक वळसा घेतला आणि परत गेलं. साहेब पुन्हा कधी येणार ते माहीत नाही. माइली दिदीने आमाच्या हातातली माळ घेतली आणि बाहीच्या खांबाला घातली.

मी नोंदवही उघडली, तर हाकिमसाहेबांनी ती ओढून घेतली आणि स्वतः लिहिलं: वारा पाठीमागून १४. विमान परत पाठवले. सांगणारा कर्णबहादुर राई.

'सामान्य' लिहायचा रकाना कोरा ठेवला.